ॲल्युमिनियम चेंबरच्या ड्रेन बोल्टचे आटे गेलेत, समोर क्रॉसमेंबर आहे. गाडीवरच टॅप मारता येईल का?

चौथा_गिअर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी 1.5 लिटर पेट्रोल, ऑइल चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) कास्ट ॲल्युमिनियमचा. ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट 14×1.5 (व्यास 14 मिमी, पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर 1.5 मिमी), डोक्याला 17 चा पाना लागतो. मागच्या सर्व्हिसला गॅरेजमध्ये बोल्ट हवेच्या गनने आवळला. आता तो जागच्या जागी फिरतो, घट्ट होत नाही आणि बाहेरही येत नाही. पार्किंगमध्ये रोज सकाळी रुपयाएवढा ऑइलचा डाग दिसतो.

बोल्ट चेंबरच्या तळाला नाही, मागच्या बाजूला आडवा आहे. बोल्टच्या तोंडापासून क्रॉसमेंबरपर्यंत (गाडीखालच्या आडव्या दांड्यापर्यंत) मोजून 95 मिमी जागा आहे. डाव्या हाताला सायलेन्सरचा पाइप येतो, त्यामुळे पाना जेमतेम साठ अंश फिरतो. चेंबर उतरवायचा तर सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) खाली घ्यावी लागेल असे दोघा मेकॅनिकांनी सांगितले. एक जण टेफ्लॉन टेप गुंडाळून बोल्ट लावून देतो म्हणाला, दुसरा एम-सील म्हणाला.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गाडीवरच भोक मोठे करून पुढच्या मापाचा टॅप (आटे पाडायचे हत्यार) मारता येईल का? मारायचा तर कोणत्या मापाचा? आणि आत पडणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चुऱ्याचे काय करायचे? लेथवाला ओळखीचा आहे, हत्यारे बरीच घरी आहेत.

---

जुना_फिटर

टेफ्लॉन आणि एम-सील दोन्ही विसरा. टेपने आट्यांना ताकद येत नाही, आणि तिचे सुटलेले धागे आत जाऊन पंपाच्या जाळीवर बसतात. एम-सीलची पकड गरम ऑइल आणि इंजिनच्या थरथरीपुढे टिकत नाही. बोल्ट रस्त्यात निघून पडला तर पूर्ण ऑइल जायला फार वेळ लागत नाही, आणि लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंगांचे नुकसान सुरू झालेले असते.

आधी बोल्ट बाहेर काढा. नुसता फिरणारा बोल्ट पान्याने निघत नाही, कारण त्याला मागे ढकलायला आटेच उरलेले नसतात. डोक्याच्या फ्लँजखाली चपटा स्क्रू-ड्रायव्हर किंवा पातळ छिन्नी सरकवून बाहेरच्या दिशेने ताण द्या आणि त्याच वेळी पाना उलटा फिरवा. वॉशर जिथे टेकतो त्या तोंडावर छिन्नीचा ओरखडा पडू देऊ नका, पुढे सील त्याच तोंडावर होणार आहे. ताण देताना मध्ये पितळेची किंवा पत्र्याची पट्टी ठेवा. इंजिन थंड असू दे आणि गाडी स्टँडवर असू दे, नुसत्या जॅकवर नको.

बोल्ट निघाला की लगेच टॅप विकत आणायला पळू नका. आधी मापे घ्या, कारण कोणते माप घ्यायचे हे त्यांवरच ठरते.

पहिले माप भोकाचा व्यास, आणि तो तोंडाशी वेगळा, आत वेगळा घ्या. आटे बहुतेक वेळा बाहेरचेच जातात, आतले तीन-चार शाबूत राहतात. दुसरे माप बोल्टभोवतीच्या जाड उठावाचा बाहेरचा व्यास. तिसरे, भोकाची लांबी. चौथे माप सगळे विसरतात: भोकाच्या पलीकडे आत किती मोकळी जागा आहे. तारेचे टोक वाकवून आत घाला आणि समोरच्या बॅफल पत्र्याला (ऑइल उसळू नये म्हणून आत लावलेला पत्रा) किंवा जाळीच्या पाइपला कुठे टेकते ते बघा. टॅपच्या सेटमधल्या पहिल्या टॅपच्या टोकाचे सहा ते आठ आटे उतरते, म्हणजे निमुळते असतात, म्हणजे 1.5 च्या पिचला 9 ते 12 मिमी. पूर्ण आटा पडायला टॅप तेवढा पलीकडे निघावा लागतो. भोक 15 मिमी लांब असेल तर आत किमान 12 मिमी मोकळे हवेत. नसतील तर शेवट दुसऱ्या आणि तिसऱ्या टॅपने करावा लागेल.

मापाचा हिशेब सोपा आहे. टॅपच्या व्यासातून पिच वजा केली की ड्रिलचे माप मिळते. 14×1.5 ला 12.5, 15×1.5 ला 13.5, 16×1.5 ला 14.5. यातून साधारण 77 टक्के खोलीचा आटा पडतो, आणि त्याहून जास्त खोलीची गरज नसते. ॲल्युमिनियममध्ये आट्याची लांबी खोलीपेक्षा जास्त महत्त्वाची. 60-65 टक्क्यांचा आटा असला आणि पकड 14-15 मिमी लांब असली तरी ड्रेन बोल्टला पुरून उरते.

माझा कल 16×1.5 कडे. त्याचा टॅप कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि तयार ड्रेन बोल्टही मिळतो. रेनोच्या के9के डिझेल इंजिनाचा ड्रेन बोल्ट 16×1.5 चा आहे, त्याला बाहेर षट्कोन नाही, आत 8 मिमीचा चौकोनी खाचा आहे. डोके बुटके असल्यामुळे तुमच्यासारख्या अडचणीच्या जागी बरे पडते. घेताना पिच गेजने तपासून घ्या.

---

लेथ_इचलकरंजी

फिटरकाकांनी मापाचे बरोबर सांगितले. मी हत्याराच्या लांबीबद्दल लिहितो, कारण 95 मिमीत खरी अडचण तिथेच येते.

आपल्याकडे मिळणारे हँड टॅप बहुतेक आयएसओ 529 या मानकाच्या लांबीचे असतात. 16×1.5 चा टॅप 102 मिमी लांब भरतो. त्याचे उतरते टोक भोकात चार-पाच मिमी शिरले तरी मागे 97-98 उरतात, म्हणजे क्रॉसमेंबरला अडणार. हाच टॅप डिन 2181 या जर्मन मानकाचा मागा, तो 70 मिमीचा असतो. बारीक पिचच्या हँड टॅपसाठीच ते मानक आहे. मुंबईत नागदेवीला, पुण्यात बोहरी आळीत नंबर सांगून विचारले तर मिळतो. टोटेम कंपनीचा किंवा तसा चांगला एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) टॅप घ्या. कार्बन स्टीलचा स्वस्त सेट या कामाला नको, कारण अडचणीत टॅप तुटला तर तो काढायला चेंबर उतरवावाच लागेल.

डिनचा टॅप मिळाला नाही तर लांब टॅपची शँक (मागची गुळगुळीत दांडी) कापून चालते. कटिंग व्हीलने कापायचा, मधूनमधून पाण्यात बुडवायचा, आणि मागे ग्राइंडरवर नवा चौकोन काढायचा. चौकोन शँकच्या मध्यावर आला पाहिजे. एका बाजूला सरकला तर पाना फिरवताना टॅप डुलतो आणि आटे ढिले पडतात.

टॅपचे हँडल तिथे बसणार नाही, म्हणून चौकोनावर रिंग पाना किंवा रॅचेट चालवा. बारा कोनांच्या रिंगमध्ये चौकोन बसतो, फक्त कोपऱ्यांवर टेकतो. आठ कोनांचे सॉकेट मिळाले तर पकड चांगली येते. रॅचेटला दातांची संख्या जास्त बघून घ्या. 72 दातांचा रॅचेट पाच अंशाला पकडतो, त्यामुळे साठ अंशाच्या जागेत काम आरामात होते. एकच हात लावून रॅचेट ओढला की टॅप तिरपा होतो, हे कायम ध्यानात असू द्या. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टॅपच्या मागे, अगदी मध्यावर, दाब ठेवायचा.

आता ड्रिल. 14.5 चे नेहमीच्या लांबीचे ड्रिल 169 मिमी असते, आणि आखूड म्हणजे डिन 1897 चे 111 मिमी. त्याच्यामागे काटकोनी अटॅचमेंटचे डोके लावले तर 95 मध्ये बसण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे मशीन लावून भोक पाडायचा विचार सोडा. आखूड ड्रिलची शँक कापून, तिच्यावर 10 मिमीचा चौकोन काढून हाताने, रिंग पान्याने फिरवा. काढायचे मटेरियल बाजूला अर्धा मिमीच्या आत असेल तर ॲल्युमिनियममध्ये हे होते. हळू फिरवायचे आणि मागून दाब कमी ठेवायचा. दाब दिला की ड्रिल स्क्रूसारखे आत ओढले जाते आणि अडकते. यासाठी ड्रिलच्या दोन्ही धारांवर तेलदगडाने अगदी बारीक चपटी पट्टी काढून घ्या. पितळेसाठी काढतो तशीच. मग ते ओढले जात नाही.

---

सबफ्रेम_खाली

मी दुसरी बाजू मांडतो, कारण ती कोणी मांडली नाही.

ऑइल कोणत्या वाटेने जाते ते आधी लक्षात घ्या. चेंबर, मग जाळी, मग पंप, आणि त्यानंतर फिल्टर. फिल्टर पंपाच्या पुढे आहे. जाळीतून निसटलेला चुरा फिल्टरला पोचण्याआधी पंपाच्या रोटरमधून जातो. तिथली फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. ॲल्युमिनियम मऊ असते, पण रोटरच्या तोंडावर ओरखडे पाडायला ते पुरेसे कडक आहे. एखादा कण प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये अडकला आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला तर ऑइल प्रेशर कमी होते. आणि ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चुंबकी ड्रेन बोल्टचा इथे काही उपयोग नाही.

आणखी एक अडचण. आडव्या बोल्टचे भोक चेंबरच्या तळाच्या थोडे वरच असते. खालच्या कडेशी दोन-तीन मिमीचा उंबरा राहतो. ऑइल ओतून धुतले तरी जड कीस त्या उंबऱ्याच्या आत बसून राहतो.

चेंबर उतरवला तर काम टेबलावर, व्हाइसमध्ये, ड्रिल प्रेसखाली होते. आटा सरळ पडतो आणि चुरा धुऊन टाकता येतो. साधारण वीसेक एम6 बोल्ट आणि बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सला जोडणारे दोन-तीन मोठे बोल्ट, एवढेच. सबफ्रेम पूर्ण काढायची गरज पुष्कळदा नसते. इंजिनाला वरून आधार देऊन, मागचे माउंट सोडून, सबफ्रेमचे मागचे बोल्ट सोडून ती 40-50 मिमी झुकवली की चेंबर निसटतो. आधार देताना जॅक चेंबरखाली लावू नका. जोडताना जुना सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी स्क्रॅपरने ॲल्युमिनियमचे तोंड खराब होते. ब्रेक क्लीनरने पुसा, 3 मिमी जाडीची अखंड रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने द्या, पाच-दहा मिनिटांत चेंबर बसवा, आणि बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने दोन टप्प्यांत 12 न्यूटन मीटरपर्यंत आवळा. ऑइल ओतायच्या आधी किमान तासभर थांबा, रात्रभर ठेवले तर उत्तम.

माझे मत स्पष्ट आहे. फक्त टॅप फिरवायचा असेल तर गाडीवर करा. भोक खरोखर मोठे करायचे असेल तर चेंबर उतरवा.

---

चौथा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. बोल्ट निघाला, सांगितल्याप्रमाणे पितळेची पट्टी ठेवून काढला. मापे अशी:

तोंडाकडून पहिले 9 मिमी आटे पूर्ण गेलेत, तिथे व्यास 13.7. त्यापुढे 7 मिमी आटे चांगले दिसतात, तिथे व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी 12.5 भरतात. भोकाची एकूण लांबी 16. उठावाचा बाहेरचा व्यास 27. आत बॅफलपर्यंत 30 मिमी मोकळे.

आतले चार-पाच आटे चांगले आहेत तर लांब बोल्ट लावून भागेल का?

---

जुना_फिटर

या मापांनी माझे मत बदलले. 16 नको, 15×1.5 घ्या. कारण सांगतो.

लांब बोल्टचे आधी. आतले आटे 7 मिमी, म्हणजे बोल्टच्या व्यासाच्या निम्मे. ॲल्युमिनियममध्ये दीड पट लांबीची पकड चांगली धरतात, एक पट किमान. इथे अर्धीच आहे. शिवाय गनने ओढलेले बाहेरचे आटे जाताना आतल्यांवरही ताण आलेला असतो. गावाहून घरी यायला लांब बोल्ट 15-18 न्यूटन मीटरवर चालेल, कायमचा नाही.

आता मोठा मुद्दा. आतले शाबूत आटे टॅपच्या वाटेत आहेत. बाहेर 13.7 आहे म्हणून 15 चा टॅप सुखाने शिरेल, दहा-एक मिमी गेला की 12.5 च्या भागाला भिडेल आणि जाम होईल. 12.5 च्या भोकात 15 चा टॅप म्हणजे आट्याच्या पूर्ण खोलीपेक्षाही जास्त मटेरियल कापायचे, ते होत नाही. अशा वेळी माणूस जोर लावतो आणि टॅप तुटतो. म्हणून आतले 7 मिमी आधी मोकळे करायचेच आहेत. 16 साठी ते 14.5 करावे लागतील आणि बाहेरचे 13.7 सुद्धा. 15 साठी फक्त आतला भाग 13.5 करायचा, बाजूला अर्धा मिमी. चुरा खूप कमी.

दुसरा फायदा त्याहून मोठा. तुमचे बाहेरचे 13.7 चे भोक 13.5 च्या ड्रिलला आपोआप गाइड बुशचे काम करते. 9 मिमी लांबीचा सरळ गाइड आणि फक्त 0.2 ची ढिलाई. ड्रिल तिरपे जायला जागाच नाही.

बाहेरच्या भागात आटा किती खोल पडेल? 15 मधून 13.7 गेले 1.3, त्याला 1.95 ने (1.5 पिचच्या पूर्ण आट्याची दोन्ही बाजूंची मिळून खोली) भागले की 67 टक्के. आतल्या भागात 77. पकड 16 मिमी. अगदी व्यवस्थित. पुढे कधी गेलाच तर 16 चा पर्याय शिल्लक राहतो आणि 27 च्या उठावात तो आरामात मावतो.

---

लेथ_इचलकरंजी

बरोबर. मग हत्यार असे करा. 13.5 चे आखूड ड्रिल 107 मिमी असते, त्यातले निम्मे शँक. शँक 20 मिमी ठेवून बाकी कापा, 74 मिमी उरेल. त्यावर 12 मिमी लांबीचा 10 चा चौकोन. टॅप 15×1.5, डिन 2181, तोही 70 मिमी. 15 चा टॅप प्रत्येक दुकानात नसतो, मागवावा लागेल. ड्रेन बोल्ट दुरुस्तीच्या किटमध्ये 15×1.5 चा टॅप आणि मोठ्या मापाचे बोल्ट एकत्र येतात, तेही चालेल. पण ज्या बोल्टला स्वतःलाच आटे कापायच्या खाचा असतात तो घेऊ नका. त्याचा चुरा सगळा आत जातो आणि तो सरळ बसेल याची खात्री नसते.

टॅप सरळ शिरण्यासाठी 12 मिमी जाडीच्या लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या तुकड्यात 15.1 चे भोक लेथवर पाडून घ्या, तोंड भोकाशी काटकोनात सपाट कापलेले. तो तुकडा वॉशरच्या तोंडावर घट्ट दाबून धरायचा आणि त्यातून टॅप सुरू करायचा. चार-पाच आटे पकडले की तुकडा शँकवरून मागे सरकवून काढून घ्या. टॅपची शँक 12 ची असते, त्यामुळे तो सहज निघतो. मग लहान गुण्या लावून दोन दिशांनी एकदा बघा. एक अंश तिरपा आटा म्हणजे 22 मिमीच्या वॉशरवर एका कडेला जवळपास 0.4 मिमीची फट. वॉशर एवढे दाबून घेत नाही. नवीन आटे असूनही बोल्ट पाझरतो तो बहुधा याच कारणाने. मग माणूस अजून आवळतो आणि नवे आटेही घालवतो.

बोल्ट तयार मिळाला नाही तर मी असा करतो: ईएन8 या स्टीलच्या षट्कोनी बारमधून, डोके 17, खाली 22 ची फ्लँज, आट्याची लांबी 15, मुळाशी 2 मिमीचा अंडरकट (आट्याशिवायची बारीक खाच), त्यामुळे वॉशर पूर्ण टेकतो. आट्याचा बाहेरचा व्यास 14.85 ते 14.95. स्टेनलेस नको, ॲल्युमिनियममध्ये ते चिकटून बसते. वॉशर 16×22 चा ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा घ्या, 15 चा वेगळा शोधायची गरज नाही. लावताना मध्यावर धरा, एवढेच.

---

सबफ्रेम_खाली

मापे बघून मीही मान्य करतो, हे गाडीवर होण्यासारखे आहे. पण चुऱ्याची तयारी पूर्ण करा. ग्रीस तर लागेलच, पण नुसत्या ग्रीसवर विसंबू नका.

ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचा जाड ग्रीसने गच्च भरा. ड्रिल एक फेरा, बाहेर काढा, चिंधीने पुसा, नवे ग्रीस भरा, परत. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. तीन-चार अर्धे फेरे झाले की पूर्ण बाहेर काढून पुसा. कंटाळा येतो, पण इथे घाई केली की काम बिघडते. ॲल्युमिनियमवर टॅप मारताना रॉकेल सगळ्यात चांगले, आता ते सहज मिळत नाही म्हणून डिझेल किंवा डब्ल्यूडी-40. या कामात मात्र दोन-चार थेंबांवर देऊ नका, नाहीतर ग्रीस पातळ होऊन चुरा सोडते.

त्याबरोबर इंजिनातून बाहेरच्या दिशेने हवा चालू ठेवा. ऑइल ओतायच्या तोंडातून हवा द्यायची, पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत इनटेककडे नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) पाइप आणि ब्रीदर बंद करायचा, डिपस्टिक जागेवर ठेवायची. कंप्रेसरची नळी सरळ लावू नका. 0.2 बारच्या वर गेलात तर क्रँकचे ऑइल सील सरकू शकते. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची फुंकायची बाजू लावली तर दाब तेवढाच राहतो आणि प्रवाह भरपूर मिळतो. ओढायची बाजू कधीही लावू नका. वरून ओढले तर चुरा इंजिनात वर जाईल, आणि ऑइलची वाफ मोटरच्या ठिणगीपाशी नेणे धोक्याचे. चेहऱ्यावर चष्मा घाला, हवा आणि कीस दोन्ही तुमच्याकडेच येणार आहेत.

टॅप झाल्यावर धुणे. गाडीचे पुढचे टोक थोडे उंच करा म्हणजे भोक खालच्या बाजूला येईल आणि तो उंबरा कमी होईल. एक लिटर स्वस्त, पातळ ऑइल थोडे कोमट करून डिपस्टिकच्या नळीतून ओता. ही नळी चेंबरमध्ये खोल उतरते, म्हणून तिथून ओतलेले ऑइल तळ धुऊन काढते. खाली पांढरे फडके पसरलेली थाळी ठेवा. फडक्यावर चमकणारे कण दिसायचे बंद होईपर्यंत परत परत ओता. शेवटी भोकातून बारीक प्लास्टिकची नळी घालून मोठ्या सिरिंजने तळाचे उरलेले ओढून घ्या. मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा मिळाला तर उंबऱ्यामागे आणि जाळीखाली बघा. तिथे एखादे लांब वेटोळे दिसले तर वाकड्या चिमट्याने काढा. इंजिन फिरवून ते बाहेर काढायचा प्रयत्न करू नका.

---

चौथा_गिअर

हे सगळे लिहून घेतले. दोन शंका राहिल्या. बोल्टला लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारे द्रव) लावू का? आणि टॉर्क किती, मूळ मॅन्युअलमध्ये 39 न्यूटन मीटर आहे.

---

जुना_फिटर

दर सर्व्हिसला उघडायच्या बोल्टला लॉकटाइट लावायचे नाही. उघडताना तो आट्यातले ॲल्युमिनियम घेऊनच येतो. बोल्ट कायमचा बंद करून ऑइल दरवेळी वरून, डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढायचे ठरवले असेल तरच लॉकटाइट 243 लावा, ते 180 अंशांपर्यंत टिकते. हा मार्गही वाईट नाही, पण तळाचा गाळ ड्रेन बोल्टमधून जेवढा निघतो तेवढा तसा निघत नाही.

टॉर्क 30 ते 32 पुरे. बाहेरच्या आट्यांची खोली मूळपेक्षा कमी आहे, आणि सील वॉशर करतो, आवळण्याचा जोर करत नाही. टॉर्क पाना आत शिरत नसेल तर असे करा. 20 सेंमी लांबीच्या रिंग पान्याच्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा काटकोनात अडकवा आणि 15-16 किलोपर्यंत ओढा. पाना सायलेन्सरच्या पाइपला न अडता काटा काटकोनात राहील अशी जागा आधी बोल्ट हाताने बसवून ठरवा. वॉशर प्रत्येक वेळी नवा. दाबला गेलेला जुना वॉशर परत लावला की पाझर थांबवायला जास्त जोर लागतो, आणि ॲल्युमिनियम चेंबरचे आटे गनखालोखाल याच कारणाने जातात. ऑइल सोडताना गरम असले तरी बोल्ट आवळताना चेंबर हाताला सोसेल इतका थंड होऊ द्या.

ऑइल भरल्यावर इंजिन न लावता रात्रभर ठेवा. उठाव आणि आजूबाजूचा भाग ब्रेक क्लीनरने कोरडा करून त्यावर खडूची पूड चोळा. सकाळी पूड कोरडी असेल तर इंजिन पंखा दोनदा लागेपर्यंत चालवा आणि परत बघा. गरम असताना ओलावा आला तर आवळू नका. बोल्ट काढून वॉशरवरचा ठसा बघा. ठसा एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर आटा तिरपा पडलाय. एकसारखा असेल तर तोंडावरचा ओरखडा शोधा आणि सपाट तुकड्यावर 400 चा पॉलिश पेपर ताणून तोंड घासा. घासताना भोकात ग्रीस लावलेल्या चिंधीचा बोळा घालायला विसरू नका.

---

सबफ्रेम_खाली

एकच भर. सुरुवातीला नवा फिल्टर आणि साधे मिनरल ऑइल घाला, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचे. 300 ते 500 किमी चालवा, तेवढ्यात इंजिनला जास्त आरपीएमवर नेऊ नका. मग दोन्ही बदला आणि काढलेला फिल्टर करवतीने नाही, डबा उघडायच्या कटरने कापा, नाहीतर करवतीचाच कीस आत दिसेल. कागद घडी घडी उलगडून पांढऱ्या ताटलीत उन्हात धरा. टाचणीच्या टोकाएवढे पाच-दहा चमकते कण दिसले तर पुढच्या वेळी परत एकदा कापून बघा. लांब, वळलेले तुकडे दिसले तर ते टॅपचेच आहेत आणि पंपातून गेलेत. मग गाडी चालवू नका. प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनवर आयडलला आणि 3000 आरपीएमला प्रेशर मोजा, आणि आकडे सर्व्हिस मॅन्युअलशी पडताळा. कमी भरले तर चेंबर उतरवून जाळी आणि रिलीफ व्हॉल्व्ह बघावे लागतील.